कुमारांसाठी विज्ञानकथा लिहिताना : खानदेशातील नवोदित लेखकांसाठी मार्गदर्शन

बारा ते अठरा वर्षे वयाच्या वाचकांसाठी विज्ञानकथा लिहू इच्छिणारे तरुण जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत भेटतात. त्यांच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात बहुधा एक अंतराळयान असते, एखादे परदेशी महानगर असते, आणि ज्यांच्या घरात लेखक कधी जेवलेला नाही अशी माणसे असतात. जे वाचले आणि पडद्यावर पाहिले ते तिथले असल्यामुळे असे होते, आणि त्यात गैर काहीच नाही. तरीही माझे ठाम मत असे आहे की पहिली कुमार विज्ञानकथा ही लेखकाला पायी फिरता येईल अशा जागेतून उभी राहावी, आणि तिच्या केंद्रस्थानी असलेला निर्णय मोठ्या माणसाने नव्हे, तर त्याच वयाच्या मुलाने किंवा मुलीने घ्यावा. पुढील पायऱ्या या दोन गोष्टी साधण्यासाठी आहेत. त्या क्रमाने वाचाव्यात. लिहिताना मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर पुन्हा पुन्हा परतावे लागेल, याची तयारी ठेवावी.

पहिली पायरी : वाचक आणि नायक यांचे वय ठरवणे

बालकथेच्या वाचकाला जग समजावून हवे असते. कुमार वाचकाला मोठ्यांनी समजावलेल्या जगातील विसंगती दिसू लागलेल्या असतात, पण ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्याकडे अजून आलेला नसतो. कुमारकथेतील सगळा ताण या अवस्थेतून निर्माण होतो. म्हणून नायक किंवा नायिका वाचकापेक्षा थोडी मोठी ठेवावी. सातवीतला मुलगा पंधरा वर्षांच्या मुलीची गोष्ट आवडीने वाचतो. अकरावीतली मुलगी मात्र बारा वर्षांच्या नायकाचे पुस्तक सहसा हातात घेत नाही.

आपल्याकडे यात एक व्यावहारिक अडचण येते. मुलाला निर्णय घ्यायचा तर तो काही काळ एकटा असायला हवा, आणि खानदेशातील घर क्वचितच रिकामे असते. आजी, काकू, चुलत भावंडे, शेजारी यांपैकी कुणी ना कुणी ओट्यावर असतेच. नवोदित लेखक मग आईवडिलांना अपघातात मारून टाकतात. त्याची गरज नसते. वडील कामासाठी सुरतला आहेत, आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले असून मुलगी आजीजवळ राहिली आहे, किंवा मुलगा सातपुड्यातील आश्रमशाळेच्या वसतिगृहात आहे, या परिस्थिती आपल्या भोवती खरोखर आहेत. त्या परिस्थितीतील मुले आजही घराचे निर्णय घेतात, लहान भावंडांना सांभाळतात आणि मोबाइलवरून वडिलांना हिशेब सांगतात. अशा मुलाच्या हाती एखादी वैज्ञानिक समस्या दिली, तर त्याचा निर्णय वाचकाला खोटा वाटत नाही.

दुसरी पायरी : एकच गृहीतक निवडणे आणि त्याचे परिणाम शोधणे

विज्ञानकथेत आजच्या जगातील एक गोष्ट बदलावी आणि बाकीचे जग शक्य तितके तसेच ठेवावे. नवोदितांच्या कथेत कालप्रवास, परग्रहवासी आणि विचार करणारा यंत्रमानव एकाच वेळी येतात, तेव्हा वाचक कशाचेच परिणाम पाहू शकत नाही. एक बदल घेतला की त्याचे पहिले परिणाम सर्वांना सुचतात. लेखकाने दुसऱ्या आणि तिसऱ्या परिणामापर्यंत जावे, कारण खरी कथा तिथे सापडते.

उदाहरणासाठी केळीच घेऊ. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातील वाचकाला मृगबाग आणि कांदेबाग यांतला फरक सांगावा लागत नाही, घड निसवणे म्हणजे काय ते त्याला ठाऊक असते, आणि ठिबकच्या नळ्या त्याने स्वतः गुंडाळलेल्या असतात. पण आपण खातो त्या केळ्यात रुजणारे बी का नसते, हे त्यांपैकी अनेकांना कुणी सांगितलेले नसते. खाण्याच्या केळीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे तिच्यात बीज नीट तयार होत नाही आणि तिची लागवड कंदांपासून किंवा उतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांपासून करावी लागते. म्हणजेच एका बागेतील हजारो झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच झाड असतात. एका झाडाला जो रोग मारू शकतो, तो सगळ्यांना मारू शकतो. हे केवळ तर्काने काढलेले अनुमान नाही : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यात बाजारात ‘ग्रो मिशेल’ हा वाण होता, पनामा मर रोगाने तो मागे पडला आणि त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. आपल्याकडे लावले जाणारे ग्रँड नैन हे याच गटातील आहे.

आता गृहीतक असे धरू, की सन २०५८ मध्ये तापीकाठच्या सर्व बागा एकाच हंगामात वाळल्या. पहिला परिणाम कर्जाचा आणि उत्पन्नाचा, जो वर्तमानपत्रातही आला असता. दुसरा परिणाम असा, की रोग मातीतून पसरतो म्हणून गावोगाव माती वाहून नेण्यावर बंदी येते, आणि शेतातून शाळेत जाणाऱ्या मुलांना वेशीवर चपला धुवाव्या लागतात. तिसरा परिणाम असा, की ज्या मुलीच्या चपलेतून रोग आला असा संशय आहे, तिच्याशी वर्गात कुणी बोलत नाही. कुमार वाचकाची कथा या तिसऱ्या टप्प्यावर सुरू होते. विज्ञान पूर्णपणे जागेवर आहे, आणि तरीही प्रश्न चौदा वर्षांच्या वाचकाच्या रोजच्या जगण्यातला आहे.

तिसरी पायरी : विज्ञान तपासणे

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. वरील कथेत पुढे अशी कल्पना सहज सुचते, की ती मुलगी सातपुड्यात जाते, तिथे बिया असलेली रानकेळ तिला सापडते, आणि तिच्याशी संकर करून नवी केळी तयार होते. कल्पना देखणी आहे, पण ती टिकत नाही. डोंगरउतारावर उगवणारी आपली रानकेळ ही वनस्पतिशास्त्रानुसार खाण्याच्या केळीच्या प्रजातीतली नाही, ती ‘एन्सेट’ या वेगळ्या प्रजातीतली आहे. तिला बुंध्याशी पिल्ले फुटत नाहीत, ती बियांपासून वाढते, आणि दोघींचा संकर सहज होईल असे मानता येत नाही. इथे बरेच नवोदित लेखक ‘कथाच तर आहे’ असे म्हणून पुढे जातात. तसे करू नये. विज्ञानाने वाट अडवली की कथेला नवी वाट शोधावी लागते, आणि ती बहुधा पहिल्या वाटेपेक्षा चांगली असते. आता ती मुलगी मोठ्या आशेने रानकेळीच्या बिया घेऊन येईल, प्रयोगशाळेतील ताई तिला त्यांचा उपयोग का नाही ते सांगेल, आणि मुलीला अपयशाच्या पुढचा निर्णय घ्यावा लागेल. गावाने केळी सोडून दुसरे काही लावावे की काय, हा प्रश्न ती ग्रामसभेत विचारेल. आयत्या सापडलेल्या चमत्कारापेक्षा हा प्रश्न वाचकाला अधिक काळ पुरतो.

तपासणीसाठी मोठ्या शहरात जाण्याची आवश्यकता नाही. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, रावेर तालुक्यात पाल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि भूगोल शिकवणारे प्राध्यापक तालुक्याच्या ठिकाणीही भेटतात. भेटायला जाताना ‘मला कथेसाठी माहिती द्या’ असे मोघम सांगू नये. नेमके तीन किंवा चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. कामात असलेला तज्ज्ञ नेमक्या प्रश्नाला आनंदाने उत्तर देतो, असा बहुतेकांचा अनुभव असतो.

एक वही केवळ या कामासाठी ठेवावी. पानाचे तीन भाग करावेत : आज जे निश्चित माहीत आहे ते एकात, कथेसाठी मी जे गृहीत धरले ते दुसऱ्यात, आणि त्यातून जे निघते ते तिसऱ्यात. आकडे आधी लिहावेत. उदाहरणार्थ, पृथ्वीवरून मंगळापर्यंत प्रकाशाला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. त्यामुळे भुसावळच्या मुलाने मंगळावरील बहिणीशी फोनवर गप्पा मारल्या असे लिहिता येत नाही. त्याने निरोप पाठवला आणि उत्तराची वाट पाहिली असे लिहावे लागते. परंतु त्या वाट पाहण्यातच त्या दोघांचे नाते दिसते, म्हणून हा नियम लेखकाला अडथळा न ठरता उपयोगी पडतो.

चौथी पायरी : स्थळाला कथेत काम देणे

खानदेशचे वर्णन सजावटीसाठी करू नये. भरीत, कळण्याची भाकरी आणि चाळीस अंशांपुढचे ऊन यांचा उल्लेख केल्याने कथा खानदेशी होत नाही. ती दुसरीकडे घडूच शकत नाही असे झाले, की ती खानदेशी होते.

यासाठी आपल्याकडे जे आहे त्याकडे विज्ञानकथाकाराच्या नजरेने पाहावे. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीचा मी विशेष आग्रह धरतो. नदीवर बंधारा बांधून पाटाने पाणी काढायचे, लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडायचे, एका फडात त्या वर्षी एकच प्रकारचे पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी फेरपालट करायची, शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्याने नफातोटा वाटून घ्यायचा, पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याने करायचे आणि तंटा झाला तर गावाच्या पंचांनी मिटवायचा, अशी ही व्यवस्था काही शतके चालली. आज ती बरीचशी मोडली आहे. भविष्यातील गावात पाणीवाटप संगणकीय प्रणाली करते, ती कुणाचाही पक्षपात करत नाही, परंतु ज्या घरात आजारी माणूस आहे तिथे चार घागरी अधिक द्याव्यात हे तिला कळत नाही. आणि शेवटच्या पाटकऱ्याच्या नातीला त्या प्रणालीत बदल करण्याची संधी मिळते. या कथेसाठी यंत्र, गाव, न्याय आणि मुलगी हे सगळे इथेच उपलब्ध आहे.

अशा जागा आणखीही आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो पट्टा आहे, तिथे पाणी वेगाने जमिनीत मुरते, आणि त्याच भागातील बोअर वर्षानुवर्षे खोल जात आहेत. साक्री तालुक्यात पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. भुसावळसारखे मोठे रेल्वे जंक्शन आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे, ज्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे गणित आणि खगोलशास्त्र शिकवणारी शाळा याच डोंगराच्या कुशीत होती. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई (श्रावणातला उत्सव) यांचा उपयोग कथेचे कालमापन म्हणून करावा. ‘तीन महिन्यांनी’ असे लिहिण्यापेक्षा आखाजीला माहेरी आलेली ताई कानबाईच्या रोटांनाही घरीच होती असे लिहिले, तर घरात काहीतरी बिनसले आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगाविशी वाटते. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल मुलांना कथेत केवळ जडीबुटी ओळखणारे वाटाडे म्हणून आणू नये. तीही या पुस्तकाची वाचक आहेत, त्यांच्यातही कुणी सौर पंप दुरुस्त करतो, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, आणि कुणाला खगोलशास्त्र आवडते.

पाचवी पायरी : शैली

कुमार विज्ञानकथेची शैली घडवताना मुख्य अडचण माहिती कशी द्यावी ही असते. मराठीत शास्त्रज्ञ मामा नावाचे एक पात्र फार वर्षे राबले आहे. तो सुट्टीत येतो, भाच्याने प्रश्न विचारला की दोन पाने व्याख्यान देतो आणि निघून जातो. त्याला आता विश्रांती द्यावी. माहिती पात्राच्या कृतीतून यावी. पुढील वाक्य पाहावे :

‘सन २०७१ मध्ये भूजल संपुष्टात आल्यामुळे जल प्राधिकरणाने प्रत्येक नागरिकाच्या मनगटात जलमापक बसवला होता व त्यानुसार पाण्याचा दैनिक हिस्सा ठरत असे.’

आता हीच माहिती अशी लिहून पाहू :

‘आजीने तांब्या पुढे केला. कावेरीने मनगटाकडे पाहिले. हिरवा ठिपका पिवळा झाला होता. म्हणजे दिवस मावळेपर्यंत हा शेवटचा तांब्या. “तू पी,” ती म्हणाली, “मी शाळेत प्यायले.” शाळेचे पाणी परवापासून बंद होते.’

दुसऱ्या मजकुरात वर्ष नाही, प्राधिकरणही नाही, परंतु नियम कळतो, टंचाई कळते आणि मुलीचा स्वभावही कळतो. प्राधिकरणाचे नाव पुढे कधी तरी एखाद्या पाटीवर दिसले तरी पुरते.

पहिल्या कथेसाठी प्रथमपुरुषी निवेदन सोपे वाटते, आणि कुमार वाचकाला ते जवळचेही वाटते. परंतु त्यात लेखकाची शब्दसंपदा पात्राच्या तोंडी जाण्याचा धोका असतो. नववीतली मुलगी ‘अस्तित्वाचे विदारक वास्तव’ असे म्हणत नाही. निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवादांत अहिराणी किंवा लेवा गणबोली आणावी, हा मार्ग बहुतेक कथांना मानवतो. ‘हाई काय शे?’ असे आजीने विचारले, तर कोल्हापूरच्या वाचकालाही प्रसंगावरून अर्थ कळतो. तळटीप देऊ नये. जी बोली स्वतःला बोलता येत नाही, ती केवळ ऐकीव शब्दांवर लिहू नये. पावरी किंवा भिलोरी संवाद हवे असतील, तर ती भाषा घरात बोलणाऱ्या व्यक्तीकडून ते लिहून घ्यावेत आणि तिचे आभार पुस्तकात छापावेत. बोली बोलणारे पात्र कथेतील हुशार पात्र असू शकते, हेही विसरू नये. विनोदापुरती बोली आणि विज्ञानापुरती प्रमाणभाषा अशी वाटणी वाचकाच्या मनावर नकळत परिणाम करते.

पारिभाषिक शब्द लोक वापरतात तेच ठेवावेत. मोबाइल, सेन्सर, बॅटरी हे शब्द मुलांच्या तोंडी आहेत. शेवट गोड असलाच पाहिजे असे नाही, परंतु पात्राच्या हातात करण्यासारखे काहीच उरले नाही अशा ठिकाणी कुमार वाचकाला सोडू नये.

सहावी पायरी : लेखकाचा दिवस

केवळ कुमार विज्ञानकथा लिहून मराठीत घर चालत नाही, हे आरंभीच स्वीकारावे. या क्षेत्रातील बहुतेक लेखक शिक्षक, अभियंते, संशोधक किंवा शेतकरी असतात, आणि ते काम त्यांच्या लेखनाला सामग्री पुरवते. जयंत नारळीकर आयुष्यभर खगोलशास्त्रज्ञ म्हणून काम करत राहिले आणि त्यासोबतच त्यांनी कथा लिहिल्या. आपल्या हवामानात चैत्र-वैशाखात दुपारी लेखन होत नाही. पहाटेची वेळ राखून ठेवावी. शेतीची वीज रात्री येत असेल, तर मोटार चालू असतानाचा वेळ वाचनासाठी वापरता येतो. दररोज एक पान लिहिणे हे आठवड्यातून एकदा दहा पाने लिहिण्यापेक्षा हितकारक आहे, कारण विज्ञानकथेत काल धरलेले गृहीतक आज आठवावे लागते.

वाचन दोन प्रकारचे असावे : कथा आणि विज्ञान. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांपर्यंत आणल्या. परक्या कथेला मराठी मुलाचा श्वास कसा द्यावा, हे त्यांच्याकडून शिकावे. ‘किशोर’ मासिक पाठ्यपुस्तक मंडळातर्फे १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात.

लिहून झालेली कथा आधी प्रौढ मित्राला दाखवू नये. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आठवी-नववीच्या वर्गात ती मोठ्याने वाचावी. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन यासाठी सोयीचा असतो, कारण त्या दिवशी शाळा अशा कार्यक्रमांच्या शोधात असतात. ‘आवडली का?’ असे विचारू नये. मुले शिष्टाचाराने होकार देतात. वाचताना मुले कुठे चुळबुळ करू लागली तिथे समासात खूण करावी, आणि नंतर ‘पुढे काय झाले असते असे तुम्हाला वाटत होते?’ एवढेच विचारावे.

सातवी पायरी : कथा पाठवणे आणि हक्क सांभाळणे

मराठी विज्ञान परिषद ही संस्था १९६६ पासून कार्यरत आहे आणि तिची विज्ञानरंजन कथा स्पर्धा हे अनेक लेखकांचे प्रवेशद्वार ठरले आहे. १९७४ मध्ये नारळीकरांनी या स्पर्धेसाठी कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. तिला पहिले पारितोषिक मिळाले. नावाची ओळख नसलेल्या खानदेशी लेखकाने या प्रसंगातून एवढे घ्यावे, की अशा ठिकाणी परीक्षकासमोर फक्त कथा असते.

दिवाळी अंकांचे साहित्य दिवाळीच्या कितीतरी आधी, बहुधा पावसाळ्याच्या आरंभापर्यंत मागवले जाते. म्हणून उन्हाळ्यातच कथा तयार ठेवावी. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा, शब्दमर्यादा पाळावी, आणि एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये.

पुस्तकाचा करार करताना भीड बाळगू नये. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार (१९५७) कथा लिहिली गेली की हक्क लेखकाचा होतो, नोंदणी अनिवार्य नाही, आणि तो लेखकाच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हक्क हस्तांतराचा करार लेखी असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो, आणि करारात वेगळे नमूद नसल्यास प्रकाशकाने एका वर्षात हक्काचा वापर केला नाही तर तो हक्क लेखकाकडे परत येतो. मानधनाची टक्केवारी, हिशेब कोणत्या महिन्यात मिळेल, आणि ऑडिओ, ई-पुस्तक व अनुवाद यांचे हक्क कुणाकडे राहतील, हे स्वतंत्र कलमांत लिहून घ्यावे, आणि सही केलेली एक प्रत तपासणीच्या वहीसोबत घरी ठेवावी.